उचल-ठेवीचं काम

खंडवा ते इंदूर असा रेल्वेमार्ग व्हावा म्हणून १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. पुढच्या काही वर्षांत नर्मदेवर पूल झाला, पाताळपाणीचा अवघड घाट कापला गेला आणि होळकर स्टेट रेल्वे महूवरून इंदुरात पोचली. रूळ मात्र मीटर गेजचे होते आणि मुंबईहून येणारी जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, गाडी ब्रॉडगेजवरची. दोन्ही मार्ग खंडव्याला मिळायचे आणि मालाची अडचण तिथंच सुरू व्हायची. प्रवासी आपल्या पायांनी फलाट ओलांडून गाडी बदलतो. कापसाची गाठ, गव्हाचं पोतं, यंत्राचा सुटा भाग यांना कोणीतरी एका वाघिणीतून काढून दुसरीत ठेवावं लागतं. माळव्याचा जो माल या मार्गानं मुंबईला गेला आणि मुंबईचा जो इकडे आला, तो खंडव्यात हमालांच्या पाठीवरून गेला. महूच्या दक्षिणेकडची मीटर गेजवरची नियमित गाडी २०२३च्या सुरुवातीला बंद झाली. ज्या पाठींवरून तो माल गेला, त्यांची नोंद मात्र कुठल्याच खात्यात नाही.

या उचल-ठेवीत गाठीचं मोल एका पैशानंही वाढत नव्हतं. गाठ जशी उतरली तशीच चढली. कारखान्याच्या आतही हेच चालतं. कास्टिंगला भोक पाडलं की त्याची किंमत वाढते, घासून गुळगुळीत केलं की वाढते, रंग दिला की वाढते. बिनमधून उचलून यंत्रात ठेवलं, यंत्रातून काढून ट्रॉलीवर रचलं, ट्रॉली पुढच्या खात्यात ढकलत नेली, यांपैकी कशानंच ती वाढत नाही. तरीही ठेवल्याशिवाय भोक पडत नाही. म्हणून प्रत्येक कारखान्यात एक मोठं, अखंड चालणारं काम असतं, ज्याला उत्पादनाच्या कागदावर स्वतंत्र ओळ क्वचितच मिळते. या प्रकरणात त्याच कामाबद्दल आणि ते आपल्या अंगावर घेणाऱ्या यंत्राबद्दल लिहायचं आहे.

महू मराठी वाचकाला माहीत असतं ते बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून, किंवा लष्करी छावणी म्हणून. पण महूहून नीमच रस्त्यानं दहा-बारा किलोमीटर गेलं की धार जिल्ह्यातलं पीथमपूर लागतं आणि दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. ही वसाहत १९८०च्या दशकात उभी राहिली. तिच्या जडणघडणीत पुण्याचा हात मोठा आहे. फिरोदियांच्या कायनेटिकनं होंडाबरोबर १९८४ मध्ये काढलेल्या कंपनीची स्कूटर इथं बनली. बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, हिचाही कारखाना इथं आहे. आयशरनं मित्सुबिशीच्या सहकार्यानं ट्रक बनवायला सुरुवात केली तीही इथंच. २००८ मध्ये आयशर आणि स्वीडनचा व्होल्वो समूह यांची संयुक्त कंपनी झाली आणि २०१३ पासून व्होल्वोच्या मध्यम ताकदीच्या इंजिनांचं उत्पादन पीथमपुरात होऊ लागलं. जवळच खेड्याला ब्रिजस्टोनचे टायर बनतात. औषध कंपन्या आहेत, आणि गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा नॅट्रॅक्सचा वेगवान ट्रॅक आहे. या मोठ्या नावांच्या आसऱ्यानं शेकडो लहान कारखाने चालतात. कुठं प्रेसवर पत्रा कापतात, कुठं ॲल्युमिनिअमचं डाय-कास्टिंग होतं, कुठं रबराचे भाग, कुठं नुसतं पॅकिंग. महू, राऊ, इंदूर, धार इथून सकाळ-संध्याकाळ बसगाड्या भरून माणसं या गेटांमधून आत जातात. आत गेल्यावर त्यांतली बरीच माणसं दिवसभर जे करतात, ते उचलणं आणि ठेवणं.

आता यंत्राकडे येऊ. औद्योगिक रोबो म्हटलं की डोळ्यांसमोर ठिणग्या उडवत मोटारीचा सांगाडा वेल्ड करणारा हात येतो. पण रोबोचा जन्म वेल्डिंगसाठी झालेला नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज डेव्हॉल या संशोधकानं १९५४ च्या डिसेंबरमध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मंजूर झालं १९६१ मध्ये. त्याचं शीर्षक होतं ‘प्रोग्रॅम्ड आर्टिकल ट्रान्सफर’. ठरवून दिलेल्या क्रमानं वस्तू इथून उचलायची आणि तिथं ठेवायची, एवढंच. डेव्हॉल आणि जोसेफ एंगलबर्गर यांनी त्यातून युनिमेट नावाचं यंत्र उभं केलं. वजन सुमारे १,८०० किलो, हात हायड्रॉलिक दाबावर चालणारा, आणि हालचालींचा क्रम एका चुंबकीय ड्रमवर साठवलेला. १९६१ मध्ये ते न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डाय-कास्टिंग मशिनपाशी बसलं. साच्यातून निघालेला तापलेला धातूचा तुकडा पकडायचा आणि बाहेर आणून ठेवायचा, हे त्याचं काम. माणूस तिथं उभा राहिला की धग, धूर आणि साच्यात हात सापडण्याची भीती. एंगलबर्गरनं रोबोसाठी पहिली जागा शोधली ती अशी, आणि माझ्या मते ती निवड आजही सर्वांत शहाणी आहे. धंदा म्हणून मात्र युनिमेशन कंपनीला नफ्याचं तोंड बघायला १९७५ उजाडावं लागलं. त्याआधीच, १९६८ मध्ये, जपानच्या कावासाकीनं परवाना घेतला होता, आणि रोबोंचा खरा प्रसार तिथून झाला.

आजही जगात दरवर्षी जे औद्योगिक रोबो बसतात त्यांत सर्वांत मोठा गट वेल्डिंगचा नसून हाताळणीचा आहे. एकूण संख्येच्या जवळपास निम्मे रोबो उचल-ठेव करतात. डेव्हॉलच्या पेटंटमधलं काम सत्तर वर्षांनंतरही संपलेलं नाही.

ते का संपत नाही हे समजायला माणसाच्या पाठीचा हिशेब मांडावा लागतो. समजा, एका लेथवर १२ किलोचा गिअरचा तुकडा लावायचा आहे आणि शिफ्टमध्ये ४०० तुकडे होतात. कामगार प्रत्येक तुकडा दोनदा उचलतो, एकदा लावताना आणि एकदा काढताना. ४०० गुणिले १२ म्हणजे ४,८०० किलो. दुप्पट केलं की ९,६०० किलो. एका शिफ्टला साडेनऊ टनांहून जास्त. १२ किलो ऐकायला किरकोळ वाटतात. कोणी त्याला अवजड काम म्हणणार नाही, आणि हीच यातली फसगत आहे. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेनं उचलण्याचं एक सूत्र बसवलं आहे. सगळी परिस्थिती अनुकूल असेल, म्हणजे वस्तू शरीरालगत, कंबरेच्या उंचीवर, दोन्ही हातांत नीट धरता येणारी, तर मर्यादा २३ किलो. आता तीच वस्तू घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर ही मर्यादा थेट निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. त्यात वाकणं आलं, कंबर पिळणं आलं, मिनिटामिनिटाला तेच करणं आलं, की ती आणखी खाली सरकते. भरलेली कळशी कंबरेवर घेऊन मैलभर चालणारी बाई तीच कळशी हात लांब करून क्षणभरही धरू शकत नाही. कारण तेच, अंतर वाढलं की ओढ वाढते आणि ती सगळी कंबरेच्या शेवटच्या मणक्यावर येते. खोल बिनच्या तळातून कास्टिंग काढणारा कामगार शिफ्टच्या शेवटी नेमका याच अवस्थेत असतो. बिन भरलेला असताना सकाळचे तुकडे सोपे, आणि दमल्यावरचे सर्वांत अवघड.

आपल्या कायद्यानं या प्रश्नाचं एक टोक बऱ्यापैकी धरलं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते महूला जन्मलेले डॉ. आंबेडकर. हे खातं त्यांच्याकडे असतानाच, १९४६ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. वेळेला अशी स्पष्ट, मोजता येणारी सीमा मिळाली. वजनाचं तसं झालं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४व्या कलमात इजा होण्याची शक्यता असेल एवढा बोजा कोणाला उचलायला लावू नये असं म्हटलं आणि किलोचा आकडा ठरवण्याचं काम राज्यांच्या नियमांवर सोडलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली. हे सगळे आकडे एका वेळच्या उचलीचे. दिवसाला साडेनऊ टन उचलणाऱ्याचं काय, हे त्यांतून कळत नाही. महाराष्ट्रानं एक वेगळी वाट काढली. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या हमालांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि बाजारातल्या, गोदामातल्या हमालाला मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. त्या कायद्याचं मोल मी कमी लेखत नाही. उचलणाऱ्याला त्यानं हक्क दिला. मणक्यावरचं वजन मात्र तेवढंच राहिलं.

रोबो ते वजन कसं उचलतो हे आता बघू. नेहमीच्या रोबोला सहा सांधे असतात. पहिले तीन हाताला हव्या त्या जागी नेतात, उरलेले तीन मनगटाला हवा तो कोन देतात. पोती किंवा खोकी रचायची असतील तर मनगटाला इतक्या कसरती लागत नाहीत, म्हणून त्या कामाचे रोबो बहुधा चार सांध्यांचे असतात. कॅटलॉगमध्ये पहिला आकडा दिसतो तो पेलोडचा, म्हणजे मनगटावर किती वजन चालेल याचा. तो अगदी थोड्या किलोंपासून सुरू होतो आणि फॅनकच्या सर्वांत मोठ्या हातापाशी २,३०० किलोंवर पोचतो. लहान कारखानदार हमखास फसतो तो इथंच. पेलोडमध्ये ग्रिपरचं, म्हणजे पकडणाऱ्या पंज्याचंही वजन धरलेलं असतं. शंभर किलोचं इंजिन ब्लॉक उचलायचंय म्हणून १२० किलोचा रोबो मागवला आणि पंजाच पन्नास किलोचा निघाला, तर सगळा खर्च पाण्यात. शिवाय वजन मनगटापासून किती दूर लटकतं यावरही बरंच ठरतं. कळशीचा नियम पोलादी हातालाही सुटत नाही.

रोबोचा हात सगळीकडे जवळपास सारखाच. खरं कौशल्य पंज्यात आहे. गिअरला आतून फाकून धरणारी तीन बोटं लागतात, पोत्याला खालून शिरणारे काट्यांचे दात, पत्र्याला चुंबक किंवा हवा ओढून धरणारे रबरी कप. या कपांचं गणित कोणालाही करता येईल. दहा सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. आतली साठ टक्के हवा काढली की बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सहा न्यूटन जोरानं दाबते. एकूण ४७० न्यूटन, म्हणजे साधारण ४८ किलोचा आधार. कागदावर. प्रत्यक्षात पत्र्यावर तेलाचा थर असतो, रोबो झटक्यानं वळतो, कप झिजलेला असतो. म्हणून पत्रा आडवा धरायचा असेल तर निम्मं आणि उभा धरून फिरवायचा असेल तर चौथा भागच धरायचा, म्हणजे बारा किलो. हवा गळू लागली तर पत्रा सुटून पडण्याआधी ते कळावं म्हणून दाब मोजणारा सेन्सर लावतात. असा सेन्सर काढून किंवा बायपास करून चालवलेली लाइन दिसली तर ती तिथल्या तिथं थांबवावी, इतकी ही गोष्ट गंभीर आहे.

हलक्या मालासाठी वेगळीच जात आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातले रेमों क्लाव्हेल यांनी १९८५ च्या सुमारास डेल्टा रोबोची रचना केली. छताला टांगलेला, तीन बारीक हातांचा. जड मोटरी वर स्थिर राहतात आणि फक्त हलक्या काड्या हलतात, म्हणून तो मिनिटाला शंभराहून जास्त वेळा उचल-ठेव करतो. चॉकलेटं डब्यात भरण्याच्या कामावरून ही कल्पना सुचली होती. औषधांच्या स्ट्रिप्स किंवा नमकीनची पाकिटं कार्टनमध्ये भरणं याच प्रकारचं काम, आणि पीथमपूर-इंदूरच्या पट्ट्यात ते भरपूर आहे.

आणि तरीही बिनमध्ये अस्ताव्यस्त पडलेली कास्टिंगं एकेक करून काढणं हे काम, जे नवा कामगार पहिल्या तासात शिकतो, ते रोबोला फार उशिरा जमलं. नीट रांगेत मांडलेला तुकडा उचलणं सोपं. एकमेकांत अडकलेले, चमकणारे, काळे, तिरपे पडलेले तुकडे ओळखायचे म्हणजे त्रिमिती कॅमेरा हवा, कुठला तुकडा मोकळा आहे याचा निर्णय हवा, आणि पंजा बिनच्या भिंतीला न आपटता आत जायला हवा. हान्स मोराव्हेक या रोबोतज्ज्ञानं १९८८ मध्ये हे मांडलं होतं: बुद्धिबळासारखी प्रौढांची कसोटी यंत्राला सोपी जाते आणि वर्षभराच्या बाळाला जमणारं बघणं, पकडणं अवघड जातं. ज्याला आपण ‘अकुशल’ मजूर म्हणून सर्वांत खालचा दर देतो, त्याच्या हातात आणि डोळ्यांत एवढं कौशल्य असतं.

उचलण्याइतकंच मोठं काम वाहून नेण्याचं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बॅरेट कंपनीनं एक टोइंग गाडी बनवली, जी तारेच्या मागोमाग आपली आपण चालायची. तिथून एजीव्ही, म्हणजे चालकाविना मालगाडी, सुरू झाली. आधी जमिनीत पुरलेली तार, मग जमिनीवरची चुंबकी पट्टी, मग भिंतीवरच्या आरशांवर लेझर टाकून जागा ओळखणं, आणि आता स्वतःच नकाशा तयार करून वाटेतल्या माणसाला वळसा घालणारी गाडी, अशी तिची वाटचाल झाली.

या वाटेवरचं एक स्थानक मला विशेष महत्त्वाचं वाटतं. १९७४ मध्ये व्होल्वोनं स्वीडनमधल्या काल्मार इथं मोटारींचा कारखाना काढला आणि सरकती असेंब्ली लाइनच काढून टाकली. प्रत्येक मोटारीचा सांगाडा जमिनीतल्या तारेच्या मागे जाणाऱ्या एका स्वयंचलित गाडीवर ठेवला. ही गाडी एका गटापाशी थांबायची आणि गटाचं काम झालं की पुढे जायची. आणि ती सांगाड्याला नव्वद अंशांत कुशीवर वळवू शकायची. मोटारीच्या तळाचं काम करायला कामगाराला खड्ड्यात उतरून, मान वर करून, हात डोक्यावर धरून उभं राहावं लागत नव्हतं. माल वाहणारं यंत्र तिथं माणसाच्या सोयीसाठी रचलं गेलं होतं. काल्मार १९९४ मध्ये बंद झालं. कारणं बाजाराची होती, आणि एका गटाच्या कामाचा वेग हा वादाचा मुद्दा होताच. पण मोटारीऐवजी माणसाच्या कंबरेपासून आराखड्याला सुरुवात करता येते, हे तिथं वीस वर्षं प्रत्यक्षात दिसलं. त्याच व्होल्वोच्या नावाची इंजिनं आज महूच्या शेजारी बनतात. ट्रकचा व्यवसाय पुढे मोटारींपासून वेगळा झाला असला तरी वारसा तोच आहे. म्हणून काल्मारची आठवण इथल्या अभियंत्यांनी ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

ताकद आणि आंधळेपणा एकत्र आले की काय होतं, याचे दाखलेही याच कामाचे आहेत. रोबोमुळे झालेला पहिला ज्ञात मृत्यू २५ जानेवारी १९७९ चा. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात उंच मांडणीतून सुटे भाग काढणारी एक स्वयंचलित यंत्रणा होती. तिच्याकडून माल नीट मिळत नव्हता, म्हणून एका पंचवीस वर्षांच्या कामगाराला मांडणीवर चढून भाग आणायला सांगितलं. मागून यंत्राचा हात आला आणि त्याच्या डोक्यावर बसला. यंत्राला त्याची दखलच नव्हती. ते काम करत राहिलं. आपल्याकडे ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरला धातूचा पत्रा नीट करायला रोबोजवळ गेलेला एक तरुण कामगार असाच गेला. दोन्ही ठिकाणी प्रसंग एकच. माल अडकला, लाइन थांबू नये म्हणून माणूस आत गेला, आणि यंत्र चालू होतं.

म्हणून रोबोभोवतीच्या जाळीचं दार उघडलं की वीज तुटलीच पाहिजे. टीचिंगसाठी, म्हणजे हातातल्या पेंडंटवरून रोबोला जागा दाखवण्यासाठी, आत जावं लागलं तर हात सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा वेगानं हलता कामा नये, हा आंतरराष्ट्रीय मानकांचा नियम आहे. पेंडंटच्या मागचं बटण अर्धवट दाबलेलं असेल तेव्हाच हात हलतो. सोडलं तरी थांबतो आणि दचकून घट्ट आवळलं तरी थांबतो, कारण घाबरलेला माणूस या दोन्हींपैकी काहीही करतो. या एका बटणात माणसाच्या स्वभावाची जितकी जाण आहे तितकी मोठमोठ्या यंत्रांत आढळत नाही.

जाळीशिवाय माणसाशेजारी चालणारे कोबोही आता रुळले आहेत. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सनं २००८ मध्ये पहिला कोबो विकला. धक्का लागला की तो थांबतो. पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटोनं २०१० पासून ते असेंब्लीवर आणले आणि शंभराच्या पुढे नेले. त्या लाइनवर मोठ्या संख्येनं स्त्रिया काम करतात. सुरुवातीचे कोबो पाच-दहा किलोंचेच होते, पण दिवसभर तेच स्क्रू आवळण्याचे, तोच भाग पुढे करण्याचे कष्ट त्यांनी घेतले. टेल्कोच्या मशीन टूल विभागातून पुढे आलेल्या टाटांच्या टीएएल कंपनीनं २०१७ मध्ये ब्रॅबो नावाचा देशी रोबो बाजारात आणला, दोन आणि दहा किलोंच्या पेलोडचा, पाच ते सात लाखांच्या घरातला. लहान कारखान्याला परवडेल असा हात पुण्यात बनू शकतो, हे त्यानं दाखवलं.

तरी भारतात रोबो अजून थोडेच. आंतरराष्ट्रीय रोबो महासंघाच्या मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ४१ हजार नवे रोबो बसले. त्यांतले २ लाख ७६ हजार एकट्या चीनमध्ये, आणि भारतात ८,५१०. त्या वर्षी दक्षिण कोरियात दहा हजार कामगारांमागे हजारावर रोबो होते, जगाची सरासरी १६२ होती. आपलं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: माणूस स्वस्त आहे. रोबोचा खर्च किती महिन्यांत वसूल होईल हे काढताना कंत्राटी कामगाराचा पगार एका बाजूला मांडतात आणि रोबो, पंजा, जाळी, कन्व्हेअर, बसवणी दुसऱ्या बाजूला. निव्वळ हाताच्या किमतीपेक्षा हे भोवतीचं सामान बरेचदा महाग पडतं. या हिशेबात चाळिशीत गेलेली कंबर कुठंच येत नाही. तिचा खर्च कामगाराचं घर देतं, गावाकडचा डॉक्टर घेतो, आणि कंत्राटदार दुसरा माणूस पाठवतो. खंडव्याच्या हमालाची पाठ जशी कुठल्या खात्यात नव्हती, तशीच ही.

त्यामुळे रोबो येतो तो बहुधा गुणवत्तेसाठी किंवा वेगासाठी, आणि जिथं गिऱ्हाईकाला दिसतो तिथं: वेल्डिंगवर, रंगावर, अंतिम असेंब्लीवर. फाउंड्रीचा शेकआउट (साचा फोडून कास्टिंग काढण्याची जागा), फोर्जिंग प्रेसचं तोंड, डाय-कास्टिंग मशीन, ट्रकच्या पन्नास-साठ किलोच्या टायरची उचल, पन्नास किलोच्या पोत्यांची थप्पी या जागा मागे राहतात. माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. जिथं धग आहे, विष आहे, आणि जिथं शिफ्टची बेरीज टनांत जाते, तिथून सुरुवात व्हावी. पीथमपूरला हे वेगळं सांगायची गरज नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून अडीचशे किलोमीटर आणला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत इथंच जाळला गेला. तो पोत्यांत भरायला माणसं होती, संरक्षक पोशाखातली, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांनी. अशा कामाला दूरवरून चालणारा हात हवा, याबद्दल दोन मतं व्हायचं कारण नाही.

प्रत्येक जागी लगेच रोबोच लागतो असंही नाही. बिनच्या तळाला स्प्रिंगचा उचलता पाट बसवला की माल वर येत राहतो आणि वाकणं वाचतं. हवेवर चालणारा बॅलन्सर चाळीस किलोचं वजन दोन किलोसारखं हलकं करतो. पोत्यांसाठी व्हॅक्यूमची नळी मिळते. हे सगळं रोबोच्या अंशभर किमतीत होतं आणि लहान युनिटला आजच करता येतं. मी तर म्हणेन, रोबोचा विक्रेता दारात येण्याआधी मालकानं एक दिवस शिफ्टभर उभं राहून एकेका जागेची किलोची बेरीज करावी. ४०० गुणिले १२ एवढंच ते गणित आहे.

राहिला प्रश्न माणसाच्या पोटाचा, आणि तो टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिक ठरेल. रोबो आला की उचलणाऱ्या चौघांपैकी एक-दोघंच लागतात. कायम कामगाराला दुसऱ्या खात्यात घेतात. कंत्राटीचा पुढच्या महिन्यापासून गेट पास निघत नाही. वास्तविक रोबोला शिकवायला सर्वांत योग्य माणूस तोच असतो. कास्टिंगची कुठली बाजू घसरते, कडेचा कुठला बर, म्हणजे खरबरीत कंगोरा, पंज्याला अडतो, पावसाळ्यात खोकी कशी दबतात, हे त्याच्या हातांना माहीत असतं. आयटीआय झालेल्या किंवा दहावी पास मुलाला पेंडंट चालवणं, जागा दुरुस्त करणं, कप बदलणं, अडकलेला माल सुरक्षितपणे सोडवणं हे काही आठवड्यांत शिकवता येतं. इंदूरला सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूल रूम आहे, सरकारी आयटीआय आहेत. अडचण वर्गांची नाही. रोबो विकणारी कंपनी प्रशिक्षणाला दोन-चार जागा देते आणि त्या पगारपत्रकावरच्या माणसांना जातात, कारण कंत्राटदाराच्या हजेरीवरचा मुलगा उद्या इथं असेल की नाही याची खात्री कोणालाच नसते.

यावर एक साधा उपाय शक्य आहे. रोबोची खरेदी ऑर्डर निघते तेव्हाच, पंजा आणि जाळी यांच्या ओळींखाली आणखी एक ओळ लिहावी: या जागेवर आत्ता उचलणारे जे कामगार आहेत, कंत्राटी धरून, त्यांच्यापैकी इतक्यांना ऑपरेटरचं प्रशिक्षण, आणि त्यानंतर ऑपरेटरच्या दरानं काम. इतके म्हणजे किती, हे मालकानं आणि कामगारांनी बसून ठरवावं, पण रोबोचा ट्रक गेटातून आत येण्याआधी.